नाव झाकले म्हणजे विचारायला नको?

रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर वैद्यकाबाहेरचा एक सामान्य नागरिक सदस्य असावा लागतो, आणि पुण्यातल्या अशाच एका समितीवर ती जागा सध्या माझ्याकडे आहे. आमच्या बहुतेक बैठका औषधांच्या चाचण्यांची कागदपत्रे तपासण्यात जातात. मधूनच मात्र एखाद्या निवासी डॉक्टरने लिहिलेला असा केस रिपोर्ट, म्हणजे एका रुग्णाची हकीकत सांगणारा वैद्यकीय नियतकालिकासाठीचा लेख, समोर येतो, की ज्यात आजार दुर्मिळ नसतो, उपचारात झालेली चूक हाच त्याचा विषय असतो.

उदाहरण म्हणून मेथोट्रेक्सेट घ्या. संधिवातावर हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. डिस्चार्ज कार्डावर ते रोजच्या गोळ्यांच्या ओळीत लिहिले गेले, तर रुग्ण बिचारा सांगितल्याप्रमाणे रोज घेतो. मग तोंड आतून सोलवटते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात आणि प्रकरण जिवावर बेतू शकते. ही चूक अनेक देशांत पुन्हा पुन्हा झालेली आहे, आणि तिची माहिती छापली गेली म्हणूनच चिठ्ठीवर वाराचे नाव स्पष्ट लिहावे, असा आग्रह धरला जाऊ लागला. त्यामुळे चुका छापाव्यात की नाहीत, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. प्रश्न आहे तो ज्याच्या शरीरावर ती चूक घडली, त्याला विचारण्याचा.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत याबाबत एक तरतूद आहे: ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र किंवा केस रिपोर्ट त्याच्या परवानगीशिवाय छापू नये, ओळख उघड होणार नसेल, तर संमतीची गरज नाही. बैठकीत डॉक्टर मंडळी या दुसऱ्या वाक्यावर हमखास बोट ठेवतात. पण ओळख लपली, हे ठरवायचे कोणी? ‘कसबा पेठेत राहणाऱ्या, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, बासष्ट वर्षांच्या शिक्षिका’ एवढे लिहिले, की नावाची गरजच उरत नाही. पेठांमधले वाडे पाडून सोसायट्या झाल्या, तरी चौकशा काही थांबलेल्या नाहीत. छायाचित्रातल्या डोळ्यांवर काळी पट्टी मारणे पुरेसे नाही, हे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीही सांगते. शिवाय शेजाऱ्यांनी ओळखले नाही, तरी त्या बाई स्वतःला ओळखणारच.

यावर ‘दाखल होताना सही घेतलेली आहे’ असे उत्तर मिळते. ती सही मी जवळून पाहिली आहे. काउंटरवर दोरीने बांधलेले पेन, पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेली पाने, आणि त्यांतल्या एका पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘माझी वैद्यकीय माहिती शास्त्रीय कामासाठी वापरण्यास माझी हरकत नाही’. सही बहुतेक वेळा मुलाची किंवा जावयाची असते, आणि त्याचे सगळे लक्ष डिपॉझिटच्या आकड्याकडे असते. समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, की तपासणीपुरती दिलेली संमती पुढच्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही, आणि सज्ञान रुग्ण भुलेखाली असताना, जिवावरचे संकट नसेल, तर आईने दिलेला होकारही चालत नाही. तो निकाल उपचारांविषयीचा आहे, हे मान्य. पण जी चूक अजून घडलेलीच नाही, ती छापण्याची संमती जावयाने आगाऊ कशी द्यावी?

खरी अडचण मला वेगळीच दिसते. छापण्यासाठी संमती मागायची, तर आधी चूक झाली हे रुग्णाला सांगावे लागते, आणि पुष्कळदा नेमके तेच झालेले नसते. म्हणजे चूक साऱ्या जगाला कळणार, फक्त तिचे परिणाम सोसणाऱ्या बाईंना नाही. डॉक्टरांची भीती खोटी नाही. ग्राहक आयोग आहे, भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि फौजदारी खटल्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ व गंभीर असावा असे सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने सांगितले असले, तरी पोलिसांपुढे उभे राहायचे म्हटले की ते आठवून धीर येत नाही. तथापि याच भीतीपोटी रुग्णाच्या गोपनीयतेची ढाल पुढे करून रुग्णालयाची गोपनीयता जपली जाते, हे मला पटत नाही.

सांगितले तर लोक खवळतातच, असेही नाही. इंग्लंडमध्ये २००५ साली मार्टिन ब्रोमिली या वैमानिकाची पत्नी सायनसच्या नियोजित शस्त्रक्रियेसाठी भूल देताना श्वासमार्ग हाती न लागल्याने दगावली. विमान अपघातानंतर होते तशी चौकशी व्हावी, असा आग्रह त्यांनी धरला आणि पुढे तिचा अहवाल इतरांना शिकण्यासाठी खुला केला. आपल्याकडे कुटुंबाला इतका विश्वास वाटावा असे वातावरण नाही. पण ते न विचारता छापल्याने तयार होणार नाही.

म्हणून चुकीवरच्या लेखासाठी समितीत माझा आग्रह असा असतो: संमतीपत्र वेगळे असावे, ते चूक सांगून झाल्यावर काही दिवसांनी द्यावे, लेखातला रुग्णाविषयीचा मजकूर मराठीत वाचून दाखवावा, आणि विचारणारी व्यक्ती उपचार करणाऱ्या चमूतली नसावी, कारण ज्याच्याकडे पुन्हा उपचारांना जायचे आहे त्याला तोंडावर नाही म्हणणे जड जाते. रुग्णाने नकार दिला, तर लेख थांबावा. विभागाच्या अंतर्गत बैठकीत त्या चुकीची चर्चा मात्र थांबू नये. दिलेली संमती छापण्यापूर्वी मागे घेता येते, आणि एकदा इंटरनेटवर गेलेला लेख प्रत्यक्षात परत आणता येत नाही, हेही सही घेण्याआधी सांगावे. यातल्या शेवटच्या मुद्द्याला सगळ्यांनी लगेच मान्यता दिली. चमूबाहेरच्या माणसाने विचारावे, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही.