तिथं चरबी होती

"बाई, ह्यात दारू लिवलंय म्हणं. खरं काय?"

खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी विचारलं. डिसेंबर महिना, बेळगावात अधिवेशन चालू, हायवेवर बंदोबस्त. आमचा टेक्निशियन हलग्याहून तासभर उशिरा पोचला होता आणि मी आदल्या दिवशीच्या स्लाइड संपवत होते. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं होतं, एक बाई आठ वाजल्यापासून बसल्यात, रिपोर्टावर ज्यांची सही आहे त्यांनाच भेटायचं म्हणत्यात.

पॅथॉलॉजिस्टला भेटायला सहसा कुणी येत नाही. माझ्याकडे डबी येते, डबीत तुकडा, तुकड्यासोबत चिठ्ठी. वीस वर्षांत हजारो रिपोर्टांवर सही केली, पण त्या माणसांपैकी फार थोड्यांचे चेहरे मी पाहिलेत. ह्या बाई चव्वेचाळीस वर्षांच्या, अंगानं किरकोळ. वडगावात घरी दोन माग आहेत, त्यांच्यासाठी दिवसभर कांड्या भरतात. हातात कॅरीबॅग, तिच्यात चार घड्या घातलेला माझा रिपोर्ट. (त्यांच्या परवानगीनं लिहितेय, ओळखीचे तपशील बदलून.)

कागद उघडल्याबरोबर केस आठवली. पित्ताशयात खडे म्हणून दुर्बिणीतून ऑपरेशन झालं होतं. कॅमेरा आत गेल्यावर सर्जनना यकृत पिवळट दिसलं, म्हणून त्यांनी सुईनं नमुना घेतला. दीड-दोन सेंटिमीटर लांब, शेवईएवढा. अख्ख्या यकृताचा साधारण पन्नास हजारावा हिस्सा म्हणजे असा एक धागा. चरबी फार असली की तुकडा फॉर्मॅलिनच्या तळाला जात नाही, वर तरंगतो. हा तरंगत होता.

स्लाइडवर सगळं होतं. निम्म्याहून जास्त पेशी चरबीनं भरलेल्या, काही पेशी फुग्यासारख्या सुजलेल्या, काहींच्या आत गुलाबी दोरखंडासारखे मॅलरी-डेंक गोळे, आणि मधल्या शिरेभोवती कोवळ्या व्रणाची जाळी. मी निदान लिहिलं, श्रेणी लिहिली, व्रणाचा टप्पा पहिला असं लिहिलं. आणि खाली एक ओळ आली: मद्यसेवनाचा इतिहास तपासून घ्यावा. 'आली' म्हणते, कारण ती मी त्या दिवशी विचार करून लिहिली नव्हती. यकृताच्या रिपोर्टाच्या तयार साच्यात, टेम्प्लेटमध्ये, ती कित्येक वर्षं बसलेली होती. डॉक्टरांसाठीची ओळ. रिपोर्ट इंग्रजीत. तो पेशंटच्या घरी जाऊन भाचा मोबाइलवर त्याचं मराठी करून मोठ्यानं वाचेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"माझा बाप दारूनं गेला," त्या म्हणाल्या. "पोटात पाणी झालं हुतं. त्या वासाच्या जवळ मी जात न्हाई. आन् सासू दोन दिस झालं बोलंना. मालक म्हणाले, तुझ्यात तुझ्या बाचं आलंय."

मला उत्तर सुचेना. चूक माझी होती आणि ती चूक म्हणून कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. दारूनं बिघडलेलं यकृत आणि चरबीनं बिघडलेलं यकृत काचेवर बहुतेक वेळा सारखंच दिसतं, हे तर आम्ही पहिल्या वर्षापासून शिकतो. ज्या गोळ्यांना मॅलरी ह्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टचं नाव आहे ते त्यांनी १९११ साली दारूच्या यकृतातच वर्णिले होते. १९८० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस पेशंटांवर एक लेख लिहिला. यकृत थेट दारुड्याचं, पण ही माणसं दारू पिणारी नव्हती. त्यांत बायका जास्त होत्या, बरेच जण स्थूल होते, अनेकांना मधुमेह होता. ह्या आजाराला तोवर नावच नव्हतं. लुडविगनी नाव दिलं त्यात 'नॉन-अल्कोहोलिक' हा शब्द आला, आणि पुढची त्रेचाळीस वर्षं कधीही न पिणाऱ्या माणसांच्या कागदावर दारू छापली जात राहिली. २०२३ मध्ये जगभरच्या संघटनांनी मिळून तो शब्द काढला, चयापचयातल्या बिघाडावरून नवं नाव ठेवलं. शब्दानं माणसाला डाग लागतो, हे त्यामागचं एक कारण. ते नवं नाव मी रिपोर्टात वापरलं होतं. आणि त्याच्याच खाली ती ओळ तशीच राहू दिली होती.

मी त्यांना म्हटलं, "आक्का, ओळ माझी चुकली. तुम्ही पीत नाही, हे आधी विचारून घ्यायला हवं होतं. तुमच्या वडिलांचं तुमच्यात काही आलेलं नाही. तुमच्या यकृतात काय आहे ते बघणार काय?"

आमच्याकडे दोघांनी एकाच वेळी बघायचा मायक्रोस्कोप आहे, शिकाऊ डॉक्टरांसाठी घेतलेला. त्यांना समोर बसवलं. डोळा लावायला थोडा वेळ गेला, मग त्या एकदम म्हणाल्या, "आंबोळीवानी दिसतंय की!"

खरंच तसं दिसतं. गुलाबी पिठात पांढरी गोल भोकं.

"ती भोकं म्हणजे चरबी होती तिथं."

"होती म्हंजे? गेली काय?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. चरबी काचेवर नसतेच. तुकड्याचं मेणातलं ब्लॉक करताना तो झायलीनमधून जातो, त्यात चरबी विरघळून निघून जाते आणि तिची जागा रिकामी राहते. आम्ही ती रिकामी जागा मोजतो. "काचेवरची गेली," मी सांगितलं, "पोटातली आहे अजून."

"पर मी त्याल दोन वर्सं झाली बंद केलंय. तेलाबिगर चरबी कुठनं आली?"

मग मी त्यांचं खाणं विचारलं. सकाळपासून पाच-सहा कप चहा, दर कपात दोन चमचे साखर. चहाबरोबर खारी. दोन्ही वेळा भात. सोमवार, चतुर्थी, एकादशी, उपासाला साबुदाणा. सगळं वेळेवर, कष्टाचं, घरातल्या चारचौघांसारखं. यकृताला मात्र गरजेपेक्षा जास्त आलेल्या साखरेची आणि पिठाची चरबीच करता येते. ती कातडीखाली साठवायला जागा असेल तोवर ठीक. कणगी भरली की पोती माजघरात रचायची पाळी येते, तसं ती पोटाच्या आत आणि यकृतात जाते. कुणाची कणगी मोठी असते, कुणाची छोटी.

आपल्याकडच्या माणसांची छोटी असते, हे ज्यांनी जगाला दाखवलं ते पुण्याचे. के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं तर त्यांनी जन्मताच मोजली होती: वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. हातापायांत, स्नायूंत सगळीकडे बारीक, पण चरबी त्या मानानं टिकून. त्यांच्या अभ्यासाबद्दल वाचते तेव्हा मला वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांतल्या बायका दिसतात.

मी टेप मागवली. उंची १५० सेंटिमीटर, वजन ५६ किलो. बीएमआय २४.९. ऑपरेशनच्या आधीच्या कागदावर त्यापुढे 'नॉर्मल' लिहिलेलं होतं, कारण २५ च्या आत. आपल्या लोकांसाठी ही रेघ २३ वर धरतात. कंबर ८९ भरली. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० ही हद्द. "कंबर कुणी मोजलीच न्हाई कधी," त्या म्हणाल्या. साडी, पदर आणि बारीक हात. कुणाला शंका येणार?

मग मी दुसरी काच लावली, ट्रायक्रोमची. त्यात व्रण निळा रंगतो. शिरेभोवती पेशींना वेढणारे बारीक निळे धागे दिसत होते. त्यांनी लगेच ओळखलं. जन्म सुतात गेलेला.

"हे निळं सूत कसलं?"

"सूज आली की शरीर ती भरून काढायला हे घालतं. वाढत गेलं की यकृत कडक होतं. तुमच्या वडिलांचं झालं होतं तसं."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग, डोळा न काढता: "उसवतंय काय हे?"

उसवतं. ह्या टप्प्यावर उसवतं, आणि हे सांगताना माझा आवाज बदलला असावा, कारण त्यांनी मान वर केली. क्युबातल्या २९३ पेशंटांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर आहार आणि व्यायाम, आधी आणि नंतर बायोप्सी, म्हणजे सुईनं घेतलेला नमुना. ज्यांचं वजन १० टक्के किंवा जास्त उतरलं त्यांच्यातल्या ९० टक्क्यांची सूज गेली, ४५ टक्क्यांचा व्रण कमी झाला. पण एवढं वजन उतरवणं दहातल्या एकालाच जमलं, हेही मी त्यांना सांगितलं. खोटी आशा मला द्यायची नव्हती. किरकोळ अंगाच्या माणसाला त्याहून कमी उतरूनही फायदा होतो. त्यांच्यासाठी सुरुवातीला तीन किलो.

"भाचा म्हणतो इंजेक्शन आलंय. टोचलं की वजन उतरतंय."

आलंय. आणि चांगलं औषध आहे, उगाच नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. त्या इंजेक्शनच्या, सेमाग्लुटाइडच्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८०० जणांच्या बायोप्सी ७२ आठवड्यांनी पुन्हा बघितल्या. औषध घेणाऱ्यांतल्या ६२.९ टक्क्यांची सूज व्रण न वाढता गेली, नुसतं पाणी टोचलेल्यांत ३४.३. व्रण कमी झाला तो ३६.८ विरुद्ध २२.४. हे आकडे मी दोनदा वाचले ते वेगळ्या कारणानं. औषध न घेताही एक तृतीयांश सुधारले कसे? काही खरोखर सुधारले असतील, पण काही जणांत सुई दुसऱ्या जागी गेली असेल, आणि काही जणांत वाचणाऱ्याचं मत बदललं असेल. पेशी सुजलीय की नाही यावर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचं बरेचदा जुळत नाही, हे जगजाहीर आहे. करोडोंच्या संशोधनाचा निकाल शेवटी आमच्यासारख्या कुणाच्या तरी डोळ्यावर आणि पन्नास हजाराव्या हिश्श्यावर टेकलेला असतो. म्हणूनच एक ओळ जास्तीची लिहितानाही हात थांबायला हवा.

अमेरिकेत ह्या औषधाला यकृतासाठी मान्यता मिळाली ती दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याच्या व्रणासाठी. आक्कांचा पहिला. वजनासाठी म्हणावं तर त्यांचा बीएमआय त्या नियमात बसत नाही, तेव्हा महिन्याला हजारो रुपये लागत होते, आणि औषध थांबवलं की वजन बहुतेकांचं पुन्हा चढतं. "तुम्हाला आत्ता गरज नाही," मी म्हटलं. "पुढं लागलं तर तुमचे डॉक्टर सांगतील." चहातली साखर, खारी, भाताच्या जागी एक वेळ भाकरी, आणि रोज अर्धा तास नुसतं चालणं. शुगर आणि कावीळ बी-सीची तपासणी त्यांच्या फिजिशियनकडून करून घ्यायला चिठ्ठी दिली.

रिपोर्ट मी तिथंच दुरुस्त केला. ती ओळ काढली, त्या जागी 'पेशंटशी बोलून मद्यसेवन नसल्याची नोंद' असं लिहिलं, पुन्हा सही केली. मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत, मोठ्या अक्षरांत: हा आजार दारूचा नाही. त्यांनी ते बोटानं एकेक अक्षर धरून वाचलं. "हे सासूला दावतो," म्हणाल्या आणि घडी न घालता कागद तसाच उभा धरून गेल्या. संध्याकाळी टेम्प्लेट उघडून मी ती ओळ तिथूनही काढली.

आठवड्यानं पुन्हा आल्या, ह्या वेळी मालकांना घेऊन. ते दारातच उभे राहिले, चपला हातात. "मी बोलायला नको हुतं ते बोललो," एवढंच म्हणाले, माझ्याकडे न बघता. मग: "मला बी दावा की ते."

काच लावली. आक्काच त्यांना सांगत होत्या, हे भोकं म्हंजे चरबी, हे निळं सूत, हे उसवतंय. मी मध्ये बोलले नाही. त्यांनी मान वर काढली आणि शर्ट सारखा केला.

"माझी बी कंबर बघता काय, बाई?"

९७ भरली. पुरुषांची हद्द ९०.

"उपाशीपोटी रक्त द्यायला कधी येऊ?"

"उद्या सकाळी या," मी म्हटलं. "आठला उघडतं."