खडक वर का चढतो?

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सोमेश्वरच्या धबधब्यावर नाशिककरांची गर्दी उसळते. फोटो निघतात, भाजलेली कणसं खाऊन होतात, आणि डोळ्यांसमोर चाललेला मेंदूचा एक विलक्षण खेळ मात्र बघायचा राहून जातो. यंदा गेलात तर दोन मिनिटं त्यासाठी काढा.

कठड्याच्या अलीकडे पाय रोवून उभे राहा. ओले खडक निसरडे असतात, पुढे जायची गरजच नाही. पडणाऱ्या पाण्यात मधोमध एक जागा धरा. पाण्यातून डोकं काढलेला एखादा दगड असेल तर फारच छान. त्यावरून नजर न हलवता ४५ ते ६० सेकंद बघत राहा आणि मग चटकन बाजूच्या स्थिर खडकाकडे बघा. खडक वर सरकताना दिसेल.

आता जरा बारकाईने बघा. तो वर सरकतोय, पण शेजारच्या झुडपापासून त्याचं अंतर तसूभरही बदललेलं नाही. हालचाल दिसतेय आणि जागा तीच आहे! मेंदू वस्तूची जागा आणि वस्तूची हालचाल यांचा हिशेब वेगवेगळा ठेवतो, हे इतक्या सहज दुसरीकडे कुठे दिसत नाही. रॉबर्ट ॲडम्स यांनी १८३४ साली स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यावर हेच पाहून लिहून ठेवलं होतं.

कारण असं. मेंदूच्या मागच्या भागात दृष्टीचं काम करणाऱ्या काही पेशी ठरावीक दिशेच्या हालचालीलाच जोरात प्रतिसाद देतात. समोर सगळं स्थिर असताना ‘वर’वाल्या आणि ‘खाली’वाल्या पेशींचं पारडं सारखं असतं. मिनिटभर पाणी बघून ‘खाली’वाल्या पेशींचा प्रतिसाद मंदावतो. मग खडकाकडे बघताच पारडं ‘वर’च्या बाजूला झुकतं.

प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: नजर पाण्याच्या धारेबरोबर खाली घसरते. नजर धारेबरोबर गेली की डोळ्याच्या पडद्यावर पाणी जवळजवळ स्थिर राहतं आणि ‘खाली’वाल्या पेशींना कामच उरत नाही. म्हणून ती धरलेली जागा महत्त्वाची. जमलं की पुढची पायरी करून बघा. एक डोळा झाकून पाणी बघा आणि खडकाकडे बघताना झाकलेला डोळा उघडून दुसरा झाका. परिणाम कमी होतो, पण राहतो. ज्या डोळ्याने पाणी पाहिलंच नाही त्यालाही खडक चढताना दिसतो, याचा अर्थ हा मंदपणा दोन्ही डोळ्यांची माहिती एकत्र आल्यानंतरच्या टप्प्यावर, मेंदूतही येतो.

हालचाल ओळखणारा मेंदूचा हा भाग निकामी झाला तर काय होतं, तेही डॉक्टरांनी नोंदवलंय. जर्मनीतल्या एका रुग्ण स्त्रीबद्दल १९८३ साली योसेफ त्सिल आणि सहकाऱ्यांनी लिहिलं. तिला रंग दिसत, वस्तू ओळखता येत, पण हालचाल जवळजवळ दिसत नसे. कपात चहा ओतताना धार गोठल्यासारखी दिसे आणि पातळी वर चढताना कळत नसे, त्यामुळे कुठे थांबायचं ते समजत नसे. रस्ता ओलांडताना आत्ता लांब असलेली गाडी एकदम जवळ आलेली असे. हे वाचल्यापासून मला कपात चढत जाणारा चहा बघणं ही साधी गोष्ट वाटत नाही.

दुसरा प्रयोग घरचा. प्लास्टिकचे दोन डबे घ्या, एक अर्ध्या लिटरचा आणि एक ३ लिटरचा. साखर घालून दोन्ही डबे, झाकण आणि पुढे सांगितलेला आतला-बाहेरचा कागद धरून, स्वयंपाकघरातल्या काट्यावर बरोबर ४०० ग्रॅम करा. मोठ्या डब्यातली साखर पिशवीत बांधून मधोमध ठेवा आणि भोवती वर्तमानपत्राचे बोळे ठासा, नाहीतर वजन एका बाजूला गेलं की हाताला ते कळतं. दोन्ही डब्यांना बाहेरून कागद गुंडाळा आणि एकाच हाताने, वरून धरून, आळीपाळीने उचला. लहान डबा ठळकपणे जड लागतो. काट्यावर स्वतः वजन केलंय, तरी जडच लागतो.

मोठी वस्तू जड असणार असं धरून मेंदू हाताला आधीच जास्त जोर लावायला सांगतो, म्हणून पहिल्यांदा मोठा डबा झटक्यात वर येतो. वीसेक वेळा उचलत राहा. बोटं शिकतात, दोन्ही डब्यांना सारखाच जोर लावू लागतात. मनाला मात्र लहान डबा जडच वाटत राहतो. कळतं पण वळत नाही असं आपण स्वभावाबद्दल म्हणतो. इथे हाताला वळलेलं असतं, डोक्याला कळलेलं असतं, आणि तरी जाणीव जागची हलत नाही.

डोळ्यातला आंधळा ठिपका शाळेत शिकवतात, पण अंतर नीट न सांगितल्यामुळे बऱ्याच जणांना तो सापडत नाही. कागदावर डावीकडे फुली आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर १ सेंटिमीटरचा काळा ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजवा फुलीवर ठेवा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण २८ ते ३० सेंटिमीटरवर ठिपका गायब होईल. पडद्यावरचे सुमारे १० लाख मज्जातंतू जिथून बाहेर पडतात तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. आता ठिपक्यातून आरपार जाणारी आडवी रेघ मारून बघा: ठिपका जातो, रेघ मात्र अखंड दिसते. मधला तुकडा मेंदूने भरला.

आणि मिसळ. तर्रीतलं कॅप्सायसिन, म्हणजे मिरचीला तिखट करणारं द्रव्य, जिभेवरच्या ज्या रेणूला चिकटतं, तो मुळात ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखण्यासाठी आहे. तो शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचं नोबेल मिळालं. मेंदूपर्यंत निरोप ‘भाजलं’ असाच जातो, म्हणून रस्सा कोमट झाला तरी कपाळावर घाम येतो: शरीर स्वतःला थंड करायला लागतं. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाण्याचे घोट तेवढ्यापुरते. दह्यातलं केसिन हे प्रथिन त्याला जिभेवरून ओढून घेतं, म्हणून मिसळीबरोबरची दह्याची वाटी शेवटच्या चार घासांसाठी राखून ठेवा. लगेच वर चहा मागवू नका. कॅप्सायसिनमुळे तो रेणू कमी तापमानालाही उघडतो आणि एरवी सहज पिता येणारा चहा चटका देतो. दही संपवून १० मिनिटं जाऊ द्या, मग मागवा.