फोल्डरवरचा तो छोटा बाण

सोलापुरात सात रस्त्याजवळ आमचं झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. दिवसभरात दहा-पंधरा पेन ड्राइव्ह तरी येतात, कुणाचा बायोडाटा, कुणाची लग्नपत्रिका, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट. गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते, गावात गर्दी, दुकानातपण गर्दी आणि त्यात आमचे अण्णा आलते. अण्णा म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांना चादरीची आणि टॉवेलची डिझाईन करून देतात, पार्टीला दाखवायला कलर प्रिंट आमच्याकडं काढतात. घरात तेलुगू, दुकानात मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम.

पेन ड्राइव्ह लावला आणि उघडून बघतो तर प्रत्येक फोल्डरच्या डाव्या कोपऱ्यात तो बारका बाण. शॉर्टकट, म्हणजे खरं फोल्डर नाही, नुसती दुसरीकडं नेणारी खूण. मोर, कमळ, बॉर्डर, नावं सगळी बरोबर, पण प्रत्येकाची साईज १ नाहीतर २ केबी. डबल क्लिक केलं की क्षणभर काळी खिडकी चमकून जायची.

अण्णा म्हणले, "काय झालं बाळा? मी घरातनं निघताना बगितलो की, सगळं हुतं."

मला पोटात गोळाच आला, कारण घरी नीट होतं आणि इथं लावल्यावर असं झालं म्हणजे व्हायरस त्यांच्याकडून नाही आला, माझ्या मशीनवरून त्यांच्या पेन ड्राइव्हमध्ये गेला. ११ वर्षांची डिझाईन्स त्यात. ज्यांनी हे काम जवळून बघितलं नाही त्यांना सांगतो, जॅकार्डचं, म्हणजे मागावर कापडातच विणायच्या नक्षीचं, डिझाईन म्हणजे नुसतं चित्र नसतं, चौकटीच्या कागदावर जसा एकेक चौकोन भरायचा तसं ते कॉम्प्युटरवर एकेक ठिपका भरून करावं लागतं, कुठला धागा वर आणि कुठला खाली ते त्यावरून ठरतं. एका मोराला अण्णांचे चार-चार दिवस गेलेत. दुसरी कॉपी कुठंच नव्हती.

शेजारचा रिपेअरिंगवाला पोरगा म्हणला फॉर्मॅट मारा, ५०० रुपयात पीसी पण नवा करून देतो. मनानं चांगला आहे तो, पण फॉर्मॅट मारलं असतं तर अण्णांचं सगळं पुसलं असतं. म्हणून आधी मोबाईलवर अँटीव्हायरस कंपनीचं नाव आणि कस्टमर केअर नंबर असं सर्च केलं, सगळ्यात वर जो नंबर आला त्याला फोन लावला. इथं माझी चूक झाली आणि ती नीट सांगायला पाहिजे, कारण आपल्याकडं सगळे असंच करतात.

फोन लगेच उचलला, हिंदीत, एकदम गोड बोलणं. लायसन्स नंबर विचारला नाही, माझं नाव विचारलं नाही, पहिल्या मिनिटालाच म्हणला रिमोटचं, म्हणजे लांबून आपला कॉम्प्युटर चालवायचं, ॲप टाका आणि त्यातला आकडा सांगा. मी सांगितला. मग त्यानं माझ्या स्क्रीनवर इव्हेंट व्ह्युअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडलं, त्यात लाल खुणा आणि पिवळे त्रिकोण, म्हणला बघा सर तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हॅकर घुसलेत, आज साफ नाही केलं तर बँक खातं पण जाईल, ८४९९ रुपये यूपीआय करा. आता ते लाल एरर चांगल्या-भल्या मशीनमध्येपण असतात, एखादी सर्व्हिस उशिरा चालू झाली तरी तिथं नोंद पडते. हे मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त एवढंच खटकलं की हा पेन ड्राइव्हबद्दल एक शब्द बोलत नाहीये, नुसतं पैसे-पैसे. मी मागं हात घालून नेटची वायर उपटली आणि फोन कट केला. नेट बंदच ठेवून ते रिमोटचं ॲप काढलं, बँकेचे आणि मेलचे पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदलले. पैसे गेले नाहीत. गेले असते तर तासाभरात १९३० ला फोन करायचा, तो सरकारी सायबर फ्रॉडचा नंबर आहे, जेवढं लवकर सांगाल तेवढी रक्कम मधेच अडवायची शक्यता जास्त.

मग ड्रॉवर उचकटला. खाली बिलबुकाच्या मागं अँटीव्हायरसचा खोका सापडला, त्यावर मागच्या बाजूला नंबर छापलेला. तो लावला. मराठीसाठी अमुक दाबा, मग १७ मिनिटं ते वाट बघायचं संगीत, अण्णा स्टुलावर बसून, चहा दोनदा झाला. शेवटी एक ताई आल्या लाईनवर.

त्यांनी सगळ्यात आधी खोक्यातली लायसन्स की विचारली, रजिस्टर केलेला मोबाईल नंबर विचारला, तक्रारीचा नंबर लिहून घ्यायला लावला. मगच म्हणल्या, "दादा, नक्की काय दिसतंय ते सांगा, घाई करू नका." मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "मधे कधी अँटीव्हायरस बंद केलेला का?"

मी दोन सेकंद गप्प बसलो. खरं तर दिवाळीच्या आधी मराठी फॉन्टचं एक सॉफ्टवेअर कुणीतरी फुकटात दिलेलं, ते अँटीव्हायरस चालू देत नव्हता, म्हणून मी अख्खा सी ड्राइव्हच एक्सक्लुजनमध्ये टाकलेला, म्हणजे इथं तपासू नको असं त्याला मीच सांगून ठेवलेलं. हे सांगायचं जिवावर आलं, पण अण्णा समोर बसलेले, त्यांच्याकडं बघून सगळं सांगितलं. ताई रागावल्या नाहीत, "बरं झालं सांगितलंत, नाहीतर आपण तासभर स्कॅन करत बसलो असतो आणि काही सापडलं नसतं," एवढंच म्हणल्या. माझ्या डोक्यावरचं निम्मं ओझं तिथंच उतरलं.

पुढचं काम जवळजवळ सव्वादोन तास चाललं. नेट परत जोडलं, रिमोट त्यांनीपण घेतला, पण कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधल्या सपोर्टच्या बटणावरून, आणि प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगून. टास्क मॅनेजरमध्ये डब्ल्यू-स्क्रिप्ट नावाचा प्रोग्राम चालू होता, तो बंद केला. विंडोज चालू होताना आपोआप चालणाऱ्या गोष्टींच्या यादीत एक वाकडंतिकडं नाव होतं, ते काढलं, आणि ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये त्याची मूळ फाईल बसलेली, ती उडवली. मी याआधी तीनदा पेन ड्राइव्हमधले शॉर्टकट डिलीट केलते आणि तीनही वेळा पाच सेकंदात परत आलते, ते का ते आता समजलं, पेन ड्राइव्ह साफ करून उपयोग नव्हता, लिहिणारा मशीनमध्ये बसलेला. मग एक्सक्लुजन काढलं, ते फॉन्टचं सॉफ्टवेअर काढलं, अपडेट टाकलं आणि विंडोज चालू व्हायच्या आधीचं स्कॅन लावलं.

स्कॅन चालू असताना मी विचारलं की शॉर्टकटच का करतो हा. त्या म्हणल्या, पूर्वी पेन ड्राइव्ह लावला की ऑटोरननं व्हायरस आपोआप चालू व्हायचा, मायक्रोसॉफ्टनं २०११ मध्ये जुन्या विंडोजमध्येपण ते बंद करून टाकलं, आता आपोआप चालत नाही म्हणून तुमच्याच हातानं क्लिक करून घेतात, फोल्डरचं चित्र लावून. खरं फोल्डर तिथंच असतं, फक्त लपवलेलं.

हे ऐकून अण्णा उठून उभे राहिले. "म्हंजे माझं हाय?"

"आहे ना काका," ताई स्पीकरवरून म्हणल्या.

पेन ड्राइव्ह परत लावला. कमांडची काळी खिडकी उघडली आणि मी म्हणलं ताई तुम्ही टाईप करू नका, मला सांगा, मी करतो, म्हणजे मला पाठ होईल. त्यांनी एकेक अक्षर सांगितलं, आधी अ‍ॅट्रिब, मग वजा एच, एच म्हणजे हैदराबादचा, वजा आर, वजा एस, मग पेन ड्राइव्हचं अक्षर आणि तिरकी रेघ, चांदणी डॉट चांदणी, तिरकी रेघ एस, तिरकी रेघ डी. एच म्हणजे लपवलेलं, एस म्हणजे सिस्टीमचं, आर म्हणजे फक्त वाचायचं, हे तिन्ही शिक्के काढून टाकायचे एवढंच. एंटर दाबलं. कर्सर नुसता लुकलुकत होता, अर्धा मिनिट असेल, मला लई वाटला. मग एक्सप्लोररमध्ये बाण नसलेली पिवळी फोल्डरं एकेक करून आली. मोर उघडलं. मोर होता.

अण्णा काय म्हणले ते तेलुगूत होतं, मला कळलं नाही, पण ताईंना म्हणले, "लई पुण्य लागंल बघ पोरी तुला." फोनवर त्या जरा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग आवाज नेहमीसारखा करून म्हणल्या, अजून काही मदत हवी का.

दोन दिवसांनी सकाळी अकराला त्यांचा परत फोन आला, बाण परत आला का विचारायला. नव्हता आला. माझं मशीन विंडोज १० चं आहे, त्याचे नेहमीचे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झालेत हेपण त्यांनी तेव्हा सांगितलं, जुनं मशीन विंडोज ११ घेत नाही, तर दिवाळीपर्यंत नवं घ्यायचं ठरवलंय. तोपर्यंत एक जुना पीसी नेट न जोडता काउंटरला ठेवलाय, त्याचं अपडेट दर सोमवारी वेगळ्या पेन ड्राइव्हनं टाकतो, येणारा प्रत्येक पेन ड्राइव्ह आधी तिथं स्कॅन होतो. गिऱ्हाईक कटकट करतं, दोन मिनिटं जातात, जाऊ देत. खोक्यावरचा नंबर मार्करनं भिंतीवर लिहिलाय.

अण्णा आता दर शनिवारी दोन पेन ड्राइव्ह घेऊन येतात, एक निळा, एक पांढरा. निळ्यातलं पांढऱ्यात कॉपी करतो, आणि पांढरा ते घरी तांदळाच्या डब्याशेजारी ठेवतात.