ग्रीन गेटपर्यंतचे शेवटचे दोन किलोमीटर: मुंबईत क्रूझसाठी पोहोचणाऱ्यांना

"सीएसएमटीपासून पाच मिनिटं" असं जो सांगतो, त्याच्या हातात मोठी बॅग नव्हती आणि तो वाहतुकीच्या वेळेत गेला नव्हता, एवढं नक्की समजा. मुंबईच्या क्रूझ टर्मिनलबद्दल मिळणारी निम्मी माहिती अशीच असते. विमानतळ, एक्स्प्रेसवे, अटल सेतू यांवर पानंच्या पानं, आणि खरी फजिती होते त्या बॅलार्ड पिअरच्या तोंडाशी एकच ओळ. इथे उलट केलं आहे. जहाजावरचे दिवस मजेत जातात, त्याबद्दल काही सांगायची गरज नाही. जहाजापर्यंत जायचं कसं, एवढंच.

पहिली फसवणूक पत्त्याची. जहाज बॅलार्ड पिअरला लागतं आणि पत्ता म्हणून ग्रीन गेट, शूरजी वल्लभदास मार्ग, बॅलार्ड इस्टेट असा येतो. नकाशात नुसतं 'क्रूझ टर्मिनल' टाकलंत तर माझगावच्या भाऊच्या धक्क्याजवळचं डोमेस्टिक क्रूझ टर्मिनल समोर येऊ शकतं. तिथून मांडव्याची रो-रो (गाड्याही नेणारी बोट) सुटते, तुमचं जहाज नाही. चालकाला 'क्रूझ' म्हटलं तर तोही बिनधास्त तिकडेच नेतो, कारण त्याला बोटीचे प्रवासी म्हणजे अलिबागवाले एवढंच ठाऊक असतं. चूक कळेपर्यंत तुम्ही चारेक किलोमीटर उत्तरेला असता आणि परत यायचं असतं ते त्याच पी. डी'मेलो मार्गाने. दुसरा गोंधळ गेटवे ऑफ इंडियाचा. तिथे घारापुरी आणि मांडव्याच्या लाँच लागतात, क्रूझ नाही. चालकाला "बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट" एवढेच शब्द सांगा, 'क्रूझ' शब्द काढूच नका.

रंग मात्र नीट ऐका. बंदराच्या दारांना रंगांचीच नावं आहेत: ऑरेंज गेट, यलो गेट, ब्लू गेट, रेड गेट, ग्रीन गेट. ऑरेंज गेट ईस्टर्न फ्रीवेच्या पायथ्याशी आहे. "गेट आलं, उतरा" म्हणून तिथे सोडलं, तर पुढचे दोन-अडीच किलोमीटर तुमचे तुम्ही. बोर्डिंग पासवर वेगळं गेट छापलेलं असेल तर अर्थात तेच खरं मानायचं.

आता ऑरेंज गेट ते ग्रीन गेट हा पट्टा. ईस्टर्न फ्रीवे १६.८ किलोमीटरचा. चेंबूर किंवा घाटकोपरकडून चढलं की वाटतं, झालं, वीस मिनिटांत पोहोचलो. पोहोचता खरं, पण ऑरेंज गेटपर्यंत. उतारावर सगळी गाडी-गर्दी एकदम पी. डी'मेलो मार्गावर सांडते. त्यात बंदराचे कंटेनर ट्रक, त्यात ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह या नऊ किलोमीटरच्या भुयारी रस्त्याचं काम, आणि बाजूने कर्नाकच्या पुलावरून मिसळणारी वाहनं. हा पूल पाडून नवा बांधला आणि जुलै २०२५ मध्ये 'सिंदूर पूल' नावाने खुला झाला. मशीद बंदरकडच्यांची सोय झाली, पण पी. डी'मेलो मार्गावर वाहनं मिसळण्याची आणखी एक जागाही तयार झाली. सकाळी नऊ ते साडेअकरा या वेळात हा तुकडा पाऊण तास खाऊ शकतो. आणि जहाजाचं चेक-इन साधारण दुपारच्या आसपास असतं, म्हणजे बहुतेक लोक नेमके याच वेळात येतात. नकाशा फ्रीवेवर असताना 'बारा मिनिटं' दाखवतो आणि उतारावर आलात की 'तीस'. त्याचा दोष नाही. तोवर तुम्ही खाली उतरलेले असता आणि मागे फिरता येत नाही.

म्हणून स्पष्ट सांगायचं तर पश्चिम उपनगरांतून किंवा सहारच्या विमानतळावरून गाडीने येणाऱ्याने फ्रीवेचा विचारच करू नये. वांद्र्याहून सी लिंक, पुढे कोस्टल रोड, मरीन ड्राइव्ह, चर्चगेट, वीर नरिमन मार्गाने हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल आणि तिथून बॅलार्ड इस्टेट. अंतर थोडं वाढलं तरी चालेल, कारण पी. डी'मेलो मार्ग पूर्ण टळतो. सी लिंकचा टोल कारला एकेरी १०० रुपये, कोस्टल रोडला टोल नाही. १५ ऑगस्ट २०२५ पासून तो चोवीस तास उघडा आहे, त्यामुळे पहाटेच्या विमानाने आलात तरी अडचण नाही. फोर्टातले सिग्नल कंटाळवाणे आहेत खरे, पण निदान गाडी पुढे सरकते. दादर-परळकडून पूर्वेला येऊन फ्रीवे पकडण्याची जुनी सवय असेल तर तीही विसरा. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ पासून पाडकामासाठी बंद आहे आणि त्याचा भार आजूबाजूच्या पुलांवर आला आहे.

नवी मुंबई विमानतळावर उतरणाऱ्यांना फ्रीवेशिवाय सोयीचा पर्याय नाही. तिथून प्रवासी विमानसेवा २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाली. उलव्याहून अटल सेतू, शिवडी, मग फ्रीवेचा शेवटचा भाग. अटल सेतू २१.८ किलोमीटरचा, सरळ आणि मोकळा, त्यावर काही सांगण्यासारखं नाही. सांगायचं आहे ते टोलचं. कारला एकेरी २५० रुपये, परतीसह ३७५. काही चालक "परत रिकामं जायचंय" म्हणून पूर्ण ३७५ तुमच्या माथी मारतात. कधी टोल भाड्यात धरलेला असतो आणि उतरताना तो पुन्हा सुटा मागितला जातो. बसण्याआधी ॲपमधली भाड्याची फोड उघडा, टोलची ओळ आहे का बघा, त्याचा स्क्रीनशॉट काढा. वाद उतरताना घालायचा नसतो, कारण तेव्हा घाई तुम्हाला असते, त्याला नसते.

एकटे किंवा दोघं असाल आणि प्रत्येकी एक चाकांची बॅग असेल तर सहारहून टॅक्सी कशाला? मेट्रो ३ घ्या. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण मार्ग सुरू आहे, टी१ आणि टी२ दोन्हींना स्थानक आहे. सीएसएमटीला पाऊण तासात पोहोचता. पूर्ण मार्गाचंच भाडं ७० रुपये आहे, म्हणजे तुमचं त्याच्या आतच. काळी-पिवळी मीटरने गेली तर पंचवीस किलोमीटरचे साधारण सव्वापाचशे होतात, वर वाहतुकीत थांबण्याचे वेगळे. फक्त तिकीट वर जमिनीवर असतानाच काढून ठेवा, भुयारात नेटवर्कवर भिस्त ठेवू नका. बॅगा स्कॅनरमधून जातात, त्याला सकाळच्या गर्दीत दहा मिनिटं जास्त धरा.

उतरायचं कुठे, यावर मात्र सगळे चुकीचा सल्ला देतात. सीएसएमटी नव्हे, एक स्थानक पुढे हुतात्मा चौक. अंतर दोन्हीकडून साधारण सारखंच, सव्वा किलोमीटरच्या आसपास. पण सीएसएमटीला बाहेर आलात की लोकलची गर्दी, भुयारी मार्गाचे जिने आणि जीपीओसमोरचा रस्ता ओलांडणं, हे सगळं बॅगेसकट. हुतात्मा चौकातून वीर नरिमन मार्गाने हॉर्निमन सर्कलपर्यंत पदपथ बऱ्यापैकी रुंद आहे, सावली आहे, आणि पुढे बॅलार्ड इस्टेटचे रस्ते मुंबईच्या मानाने शांत. वीस मिनिटं लागतात. बॅगेची चाकं मात्र मोठी हवीत. तळहाताएवढ्या फटींत छोटी चाकं अडकतात आणि हँडल हातात येतं.

पुण्याहून येणाऱ्यांनी गाडी आणूच नये. एक्स्प्रेसवेचा टोल ३२० रुपये, शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात किती वेळ जाईल याची खात्री कोणालाच देता येत नाही, आणि एवढं करून गाडी ठेवायची कुठे? बॅलार्ड इस्टेटमधलं रस्त्यावरचं पार्किंग तासांच्या हिशेबाचं आहे, तीन रात्रींचं नाही. टर्मिनलच्या पार्किंगमध्ये जागा मिळेल असं गृहीत धरून निघणं म्हणजे जुगार. डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते आणि साडेदहाच्या आत सीएसएमटीला आणून सोडते. तिच्यातून उतरलात की मुख्य हॉलकडे जाऊ नका. १८ नंबर फलाटाच्या बाजूने थेट पी. डी'मेलो मार्गावर बाहेर पडता येतं. तिथून उजवीकडे, सेंट जॉर्ज रुग्णालय मागे टाकत दक्षिणेला चालत राहिलं की बॅलार्ड इस्टेट येतं. दुपारच्या चेक-इनसाठी ही वेळ अगदी बेतलेली आहे. गाडी आणायचीच असेल तर सोबत कोणी तरी परत घेऊन जाणारा हवा.

सीएसएमटीवरून टॅक्सी हा या सगळ्यातला सर्वांत चीड आणणारा भाग. काळी-पिवळीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे आणि ते दीड किलोमीटरला पुरतं. म्हणजे ग्रीन गेटपर्यंत मीटर जेमतेम किमान भाड्यातच राहतो. म्हणूनच कोणी यायला तयार नसतं. रांगेत दोन तास थांबलेल्याला एकतीस रुपयांचं भाडं नको असतं, ते एकवेळ समजू शकतं. पण बॅगा बघून तोंडी दोनशे सांगणं, "आत पोर्टमध्ये जायचे वेगळे" म्हणणं, ही सरळ लूट आहे. आत जायचा प्रश्नच बहुधा येत नाही, कारण दारावर सीआयएसएफचे जवान बोर्डिंग पास आणि ओळखपत्र बघतात आणि गाडी तिथेच थांबवली जाऊ शकते. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर घासाघीस न करता शंभरची नोट द्या आणि मोकळे व्हा. धडधाकट असाल तर चाला. रिक्षा शोधू नका, सायन-माहीमच्या पुढे शहरात रिक्षा चालतच नाहीत. आणि दारापाशी "साहेब, बॅग आत पोहोचवतो" म्हणणाऱ्यांना हात लावू देऊ नका. आत सामान टॅग लावून जहाजाची माणसंच घेतात.

कधीकाळी पंजाब लिमिटेड ही आगगाडी याच धक्क्यावरच्या बॅलार्ड पिअर मोल स्थानकातून, बोटीच्या शेजारून सुटायची. आज शेवटचा किलोमीटर चालत जाताना हे आठवलं की हसावं की रडावं कळत नाही.

वार बघून बेत आखा. रविवारी मध्य आणि हार्बर रेल्वेवर मेगाब्लॉक असतो. आदल्या दिवशी वेळापत्रक न बघता ठाणे किंवा पनवेलहून लोकलने निघणं हा मूर्खपणा. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते, ती सुटतेच सीएसएमटीवरून, आणि पहाटेपासून दक्षिण मुंबईतले रस्ते बंद होतात. त्या दिवशी जहाज असेल तर आदल्या रात्री फोर्टमध्येच मुक्काम करा. आझाद मैदानावर मोठं आंदोलन असलं तरी तेच.

विमानाने त्याच दिवशी यायचं असेल तर जहाज सुटण्याच्या वेळेआधी नव्हे, चेक-इन बंद होण्याच्या वेळेआधी किमान सहा तास विमान टेकलेलं हवं. ही दोन्ही वेगळी घड्याळं आहेत आणि लोक चुकीचं बघतात. सहा तास जास्त वाटतात, पण त्यात विमानाचा उशीर, पट्ट्यावरच्या बॅगा आणि तो पी. डी'मेलो मार्ग असं सगळं बसवायचं आहे. दिल्ली-बंगळूरहून सकाळचं शेवटचं विमान पकडून येणाऱ्यांनी एका रात्रीच्या खोलीचे पैसे वाचवले आणि तिकीट घालवलं, असं होतं. जहाज थांबत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत.

हातातल्या छोट्या पिशवीत मूळ ओळखपत्र, बोर्डिंग पासची छापील प्रत, औषधं आणि एक कपड्यांचा जोड ठेवा. टॅग लावलेली मोठी बॅग खोलीच्या दाराशी यायला काही तास लागतात. ओळखपत्र म्हणून पॅन कार्डावर विसंबू नका, त्यावर पत्ता नसतो. आधार किंवा पासपोर्ट घ्या, आणि जहाज परदेशी बंदराला लागणार असेल तर पासपोर्टला निदान सहा महिने शिल्लक हवेत. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, चाकू-सुऱ्या स्कॅनरवर काढून घेतल्या जातात. त्या बॅगेत खोलवर असतील तर सगळी बॅग तिथेच उघडावी लागते, मागे रांग थांबलेली असते.

परतीला जहाज भल्या सकाळी लागतं आणि हजारभर लोक एकदम बाहेर येतात. दाराशी उभं राहून ॲपवर गाडी मागवलीत तर भाडं डोळ्यांदेखत चढतं, आणि दोन चालक रद्द करून तिसरा येतो. सरळ हॉर्निमन सर्कलपर्यंत चालत जा आणि तिथून मागवा, किंवा हुतात्मा चौकातून मेट्रो पकडा. सामान स्वतः उचलून उतरणाऱ्यांना आधी सोडतात, दोनच बॅगा असतील तर तोच पर्याय घ्या, टॅग लावलेल्यांची रांग वेगळी आणि लांब असते. परतीचं विमान दुपारी दोनच्या आधीचं काढू नका. नवी मुंबईहून असेल तर चारच्या आधीचं नको, कारण सकाळी बॅलार्ड इस्टेटमधून निघून ऑरेंज गेटला फ्रीवेवर चढेपर्यंत तो पट्टा पुन्हा एकदा पार करायचा असतो.