चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?

आयटी सपोर्टच्या कामात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की पोटात गोळाच येतो.

मागे एका कंपनीत गेलो होतो, तिथे एका मोठ्या मशीनला जोडलेला कॉम्प्युटर अजून विंडोज एक्सपीवर चालत होता, म्हणजे ज्याचा सपोर्ट, मायक्रोसॉफ्टकडून येणारे सिक्युरिटी अपडेट, ८ एप्रिल २०१४ लाच संपला तो. मालकांना नावं ठेवणं सोपं आहे पण त्यांची अडचण खरी होती, मशीन ठणठणीत, ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला मशीनशी बोलू देणारं सॉफ्टवेअर, फक्त एक्सपीवर चालतो, बनवणाऱ्यांनी पुढचा काढलाच नाही, मग एका ड्रायव्हरपायी अख्खी मशीन बदलायची का? नाही परवडत, मान्य. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. तोच कॉम्प्युटर ऑफिसच्या नेटवर्कवर, त्याला इंटरनेट चालू, आणि बॅकअप कुठे तर त्याच्याच डी ड्राइव्हवर!

२०१७ चं वॉनाक्राय आठवतंय ना, फाइली लॉक करून पैसे मागणारा तो व्हायरस? १२ मे ला सुरू झालं आणि ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांना ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. लोक सगळा दोष एक्सपीला देतात, पण त्याच्या तावडीत सापडलेले बहुतेक कॉम्प्युटर विंडोज ७ चे होते, त्याचा सपोर्ट तेव्हा चालू होता आणि ती फट बुजवणारा अपडेट, म्हणजे पॅच, १४ मार्चलाच आलेला, फक्त टाकला नव्हता. एक्सपीसाठी तर मायक्रोसॉफ्टने हल्ला झाल्यावर खास पॅच काढला, पण दर वेळी कोण काढणार? आणि नेटवर्कमधून आपोआप पसरणारी अशी गोष्ट एकदा आत शिरली की एका जुन्या मशीनपुरती थांबत नाही, हिशेबाचा कॉम्प्युटर, सर्व्हर, जे जे उघडं सापडेल ते सगळं जातं.

तर आम्ही आधी त्या एक्सपीची नेटवर्क केबल काढली. फाइल न्यायची तर पेनड्राइव्हने, तोही आधी दुसऱ्या पीसीवर स्कॅन करून. मग हार्डडिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे विंडोजसकट जशीच्या तशी कॉपी, घेतली, आणि मशीनच्या सॉफ्टवेअरची सेटअप सीडी शोधायला गेलो तर ती कपाटात मिळाली पण लायसन्स की कुणालाच माहीत नाही, ज्यांनी सिस्टीम बसवली ते कधीच सोडून गेलेले. माझ्या मते जुन्या सॉफ्टवेअरचा खरा धोका इथे आहे, व्हायरस नाही आला तरी एक दिवस डिस्क मरणारच आणि मग काम बंद.

आता विंडोज १० चा सपोर्टपण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. कंपन्यांना पैसे भरून जास्तीत जास्त ३ वर्षं सिक्युरिटी अपडेट मिळतात पण दर वर्षी रेट दुप्पट होतो, त्यामुळे तो वेळ यादी करण्यात घालवा प्लीज, कुठल्या पीसीवर काय चालतं, ते कशावर अडकलंय, लायसन्स की कुठे आहे, ते कुणाला येतं.

त्या कंपनीत शेवटी इमेज दुसऱ्या डिस्कवर टाकली, ती डिस्क लावून कॉम्प्युटर चालू केला आणि मशीनने पहिला जॉब नीट काढला. मगच मी निघालो.