रथसप्तमी कधी आहे?

दिवाळीच्या सुमारास नवं कालनिर्णय घरात आलं की बाकीचे सुट्ट्या शोधतात, मी रथसप्तमी शोधते. हलव्याचे दागिने घालायचे सण-समारंभ संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच चालतात, त्यामुळे ते करणाऱ्या बाईचं वर्ष त्या एका तारखेवर उभं असतं. संक्रांत सूर्यावर चालते, त्यामुळे १४ नाहीतर १५ जानेवारीला हजर. रथसप्तमी माघ शुद्ध सप्तमीची, ती मागेपुढे पळते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि २०२४ ची रथसप्तमी गेली थेट १६ फेब्रुवारीला. मध्ये चार शनिवार-रविवार मिळाले. यंदा, २०२६ मध्ये, ती २५ जानेवारीलाच आली. शनिवार-रविवार दोनच. बोरन्हाण आणि हळदीकुंकू हल्ली सगळ्यांना सुट्टीच्याच दिवशी हवं असतं, म्हणजे तेवढ्याच ऑर्डरी निम्म्या दिवसांत.

हे गणित मला सुरुवातीला कुठे ठाऊक होतं! २०१३ साली नणंदेचं लग्न झालं. तिच्या पहिल्या संक्रांतीला बाजारातून आणलेला सेट बघून सासूबाई म्हणाल्या, "हे पुठ्ठ्यावर चिकटवलेलं कसलं? हलवा नंतर तोंडात टाकता आला पाहिजे." आणि त्यांनी पांढऱ्या दोऱ्याच्या फासात एकेक दाणा पकडून तन्मणी बांधला. मी शेजारी बसून शिकले. पुढच्या वर्षी सोसायटीतल्या दोघींनी मागितले, त्याच्या पुढच्या वर्षी अकरा जणींनी. नाव, कार्ड वगैरे सगळं नंतरचं.

पहिली दोन वर्षं हलवाही घरीच करायचा हट्ट होता. शेगडीवर परात, मंद आच, साबुदाण्यावर चमचा-चमचा पाक आणि बोटांनी हलवत राहायचं, असे तीन-तीन दिवस. कोरडी थंडी असेल तर काटा फुलतो. आमच्या डोंबिवलीच्या दमट हवेत तो यायच्या आधीच बसायचा आणि परातीत उरायच्या गुळगुळीत गोळ्या. शेवटी हलवा पुण्याहून मागवायला लागले. तेव्हा फार कमीपणा वाटला होता, आता नाही वाटत. माझं काम दाणे निवडण्यापासून सुरू होतं: खसखशीचा बारीक हलवा नथीला, तिळाचा बांगड्यांना, साबुदाण्याचा टपोरा हाराला.

खरा धडा मिळाला २०१९ मध्ये. त्या वर्षी मी कुणालाच नाही म्हटलं नाही. कुणाला बाळकृष्णाच्या मुकुटावर मोर हवा, कुणाला कमरपट्ट्यावर पैठणीतली कोयरी. मला सगळंच करून बघायचं होतं. संक्रांतीच्या दोन दिवस आधी पहाटे तीन वाजता मी मोराची मान बांधत बसले होते आणि टेबलावर सात सेट अर्धवट. सकाळी ठाण्याहून एका नव्या नवरीच्या आईचा फोन आला, "अहो, मंगळसूत्राची दुसरी वाटी कुठाय?" मी एका वाटीचं मंगळसूत्र पाठवलं होतं! लोकलच्या गर्दीत एक वाटी डब्यात जपून ठाण्याला नेऊन दिली. त्या काही बोलल्या नाहीत, चहाही दिला. पण चेहरा विसरले नाही.

तेव्हापासून सुचणं आणि बांधणं यांचे महिने वेगळे केले. पितृपक्षात लोक नवं काही घेत नाहीत, फोन बंद असल्यासारखा असतो. तो माझा हौसेचा पंधरवडा. ताजा हलवा तेव्हा मिळत नाही, म्हणून कच्च्या साबुदाण्यावर आकार करून बघते. दहा सुचतात, त्यातले दोन ठेवते. दत्तजयंतीनंतर गिऱ्हाइकाला रंग बदलून मिळेल, आकार नाही. परदेशची पार्सलंही त्याच्या आतच जातात. त्यानंतर आम्ही पाच बायका नुसत्या बांधत असतो, नगावर पैसे. एका पूर्ण सेटला दोघींचा अख्खा दिवस जातो. "साखरच तर आहे, एवढे कसले पैसे?" असं विचारणाऱ्याला मी एक दाणा आणि दोरा देते, बांधून बघा म्हणते.

नियम मोडत नाही असं नाही. यंदा ५ जानेवारीला एका वडिलांनी डॉक्टर जावयासाठी स्टेथोस्कोप मागितला. नाही म्हणायचं ठरवून फोन उचलला होता. रात्री जेवण झाल्यावर हात शिवशिवायला लागले आणि तो झाला. सासूबाईंनी तो उलटसुलट करून बघितला, म्हणाल्या, "छान आहे. पण जावई हा घालून ओवाळून घेणार, की ओवाळणारीचं बीपी बघणार?"

त्यांना आता गाठ दिसत नाही. दाणे मात्र त्याच निवडतात. बोटांनाच कळतं म्हणतात.

यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे २०२७ ची रथसप्तमी १३ फेब्रुवारीला. चार शनिवार-रविवार आणि वर एक शनिवार. केशरात रंगवलेल्या हलव्याची अबोलीची वेणी कधीपासून डोक्यात आहे, पण देठ दोऱ्याचा करावा की जरीचा, यावर आमच्या दोघींचं अजून जमलेलं नाही.