ऑस्टर्ली पार्क: नुसतं फिरून परत येऊ नका, वाड्यात पण जा

पश्चिम लंडनमधल्या हाउन्स्लो-साउथॉलकडच्या आपल्या मंडळींना ऑस्टर्ली पार्क घराजवळचंच, पण बरेच जण तळ्याभोवती चक्कर मारतात, चहा पितात आणि घरी जातात, म्हणून लिहितोय. ट्यूबच्या पिकाडिली लाइनने ऑस्टर्ली स्टेशनला उतरा, तिथून रमतगमत वीसेक मिनिटं. गाडी नेलीत तर पार्किंगचे पैसे पडतात, नॅशनल ट्रस्टची (जुन्या वास्तू जपणारी संस्था) मेंबरशिप असेल तर नाही. पार्क फुकट, बाग आणि वाड्याला तिकीट.

मूळ वाडा १५७० च्या दशकातला, थॉमस ग्रेशम नावाच्या बड्या व्यापाऱ्याचा. पहिली एलिझाबेथ राणी मुक्कामाला आली आणि अंगण जरा जास्तच मोठं आहे म्हणाली, तर याने रातोरात लंडनहून गवंडी आणून मधोमध भिंत घातली अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी देव जाणे, पण साहेबाला खूश करायची ही तऱ्हा आपल्याला नवीन नाही 😄 याच आवारात त्याची कागदाची गिरणी पण होती, म्हणजे तेव्हा जागा कमावती होती.

१७१३ मध्ये चाइल्ड नावाच्या बँकवाल्यांनी घेतली आणि पुढे ती निव्वळ थाटमाट दाखवायची जागा झाली. १७६१ पासून रॉबर्ट अ‍ॅडम या वास्तुविशारदाने सगळं पालटलं. समोरचे पांढरे खांब त्याचेच, आणि एट्रुस्कन रूम तर सोडूच नका, भिंतींवर जुन्या ग्रीक भांड्यांसारखी विटकरी-काळी चित्रं आणि खुर्च्या पण त्याच नक्षीत रंगवलेल्या, जवळ जाऊन बघा. चाइल्ड घराण्यातले काही जण ईस्ट इंडिया कंपनीचे डायरेक्टर होते, त्यामुळे घराण्याचं चिन्ह चीनमधून खास रंगवून आणलेल्या वस्तू दिसल्या की पैसा कुठल्या वाटेने आला ते आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

१७८२ मध्ये चाइल्डांची एकुलती एक मुलगी एका उमरावाबरोबर पळून गेली, बाप इतका चिडला की इस्टेट मुलीला न देता पुढच्या पिढीकडे जाईल अशी तजवीज केली, ती नातीला मिळाली, आणि तिच्या लग्नाने सगळं जर्सी घराण्याकडे गेलं. मला मात्र सगळ्यात भारी वाटलं ते १९४० चं. स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेल्या टॉम विंट्रिंगहॅमने इथल्या मैदानात होम गार्डच्या (दुसऱ्या महायुद्धातलं स्वयंसेवकांचं दल) साध्या माणसांना गनिमी कावा शिकवायला शाळा काढली, जर्मन उतरलेच तर काय करायचं ते. चक्क उमरावाच्या बागेत! काही महिन्यांतच सरकारने ती ताब्यात घेतली. १९४९ मध्ये वाडा नॅशनल ट्रस्टकडे आला, साठच्या दशकात पार्कातून एम-४ मोटरवे गेला, त्याची घरघर अजून ऐकू येते, सवय होते.

आता कामाचं. वाडा रोज आणि दिवसभर उघडा नसतो, निघायच्या आधी वेबसाइटवर वेळ बघा आणि आधी वाडा उरका मग बाग, कारण बाहेर रमलात की आतली वेळ संपते. शनिवारी सकाळी नऊला पार्करन (सगळ्यांनी मिळून पाच किलोमीटर धावायचं) असतं, तेव्हा गर्दी गृहीत धरा. कॅफे वाड्याजवळच्या जुन्या विटांच्या तबेल्यात आहे, पण पोळी-भाजीचा डबा नेलात आणि झाडाखाली चटई टाकलीत तर उत्तम. पावसानंतर गेलात तर पांढरे शूज घालू नका.